शून्याच्या भोकातून

सदतीस साली अंजीर इतकं पिकलं
की डब्यांनी कारखान्याची वखार फुगली,
आणि होरेस टिंकलरला, जो आयुष्यात कधी धावला नव्हता,
सुचलं : नववर्षाच्या दिवशी दोन कॉलेजं बोलवू,
लांबुळका चेंडू घेऊन ती एकमेकांना तुडवतील,
लोक तहानभूक विसरतील,
मग भूक आठवली की डबे घेतील.
जिंकणाऱ्याला चांदीचा वाडगा, काठोकाठ पाकातली अंजिरं.
अंजीर बोल.
टेक्सासच्या खारट किनाऱ्यावर वेलर्स बेंड गावाने
स्वतःला दिलेलं एवढंच मोठं नाव.

मी आलो एकोणपन्नासला,
नऊ वर्षांचा, गुणफलकावर आकडे टांगायला.
आमच्या लोकांना जागा दोरीपलीकडे, दक्षिण टोकाला,
जिथून नुसत्या पाठी दिसत.
पण फलकाच्या आतलं कोणी दिसत नाही,
म्हणून आत मी चालत होतो.
बाहेरून ऑरेलिओ शिट्टी वाजवी, एक लांब, दोन आखूड,
आणि मी सहाचा पत्रा काढून सातचा अडकवी.

सामना मला कधी अख्खा दिसला नाही.
सहाचं भोक बारीक, आठाची तर दोन्ही बारीक,
शून्याचं तेवढं डोळ्याजोगं.
त्यातून एक बूट. अर्धा घोटा.
चिखलात थुंकलेला दात.
बँडमधल्या पोरीने हवेत भिरकावलेला दांडा,
जो खाली येताना मी पाहिलाच नाही.
गुण झाला की शून्य जाई, शून्याबरोबर भोक.
म्हणून मी मनात म्हणायचो,
कोणीच काही करू नका रे.

एक्कावन्नच्या थंडीत झाडं एका रात्रीत काळी पडली.
पुढे वाडग्यातली अंजिरं कॅलिफोर्नियाहून येत,
मालगाडीने,
आणि गावात कोणी तो विषय काढत नसे.

मग छप्पन्न.
ओहायोचं एक छोटं कॉलेज. त्यांच्यात लेम्युएल प्रॅटिस,
आमच्या रंगाचा. म्हणत, त्याला धरलंस तर हातात सदरा उरतो.
समितीने कळवलं, त्याला घरी ठेवा, बाकीचे या.
तार आली चार शब्दांची :
सगळे किंवा कोणीच नाही.

मला कोणी सांगितलंच नाही.
एक जानेवारी, आभाळ पुसलेल्या पाटीसारखं.
मी नऊलाच आत चढलो, दोन्ही शून्यं टांगली
आणि शिट्टीची वाट पाहत बसलो.
भोकातून गवत दिसत होतं, चुन्याच्या ओल्या रेघा,
वीस यार्डांवर एक बगळा.
दुपारी ऑरेलिओ आला. उतर, म्हणाला.

स्मरणिकेत छापलं : १९५६, पावसामुळे रद्द.
दरवर्षी छापत राहिले.
मी कोणाला बोल लावला नाही,
बोल त्यांच्या नावातच होता.
गाद्यांच्या कंपनीने सामना विकत घेतला, तेव्हाही पाऊस.
सायलेन्सरवाल्यांनी घेतला, तेव्हाही.
मग त्या कर्ज देणाऱ्या कंपनीने
अंजीर काढून स्वतःचं नाव घातलं
आणि सामना उचलून नेला शहरात, बंद छपराखाली,
जिथे पाऊस पडूच शकत नाही.

मैदान इथेच राहिलं. किल्ली माझ्याकडे.

गेल्या जुलैत एक म्हातारा आला, सोबत नात.
डेटनला दातांचा डॉक्टर होतो, म्हणाला.
नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
काठी टेकत शंभर यार्ड चालला,
पंचवीस मिनिटं लागली.
कुंपणाशी एक अंजीर जुन्या मुळातून पुन्हा फुटलंय.
नात म्हणाली, याला फूल येत नाही?
येतं, म्हटलं, पण फळाच्या आत.

परत येऊन त्याने वर पाहिलं.
किती झाले होते?

मी आत चढलो. गुडघे कुरकुरले.
गंजलेलं एक शून्य अडकवलं, मग दुसरं,
आणि सवयीने डोळा लावला.

भोकात तो उभा होता,
बूट, घोटे, काठी, हातात काढून धरलेली टोपी,
अख्खा.